टॉवेलाखालचे बारा मदरबोर्ड

कसबा बावडा, कोल्हापूर
गुरुवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय दाजी,

बावड्याहून पिराजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत आणि तिकडं तुम्हीही तसेच असाल असं धरून पुढं लिहितो. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतोय? आक्कानं दिलेलं तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडं नुसतं बघता? आक्काची साखर किती आली? माग चालू आहेत ना? आणि स्टॅबिलायझर बरा आहे ना? (खरं म्हणजे त्याची चौकशी गुडघ्याच्या आधी करायला हवी होती. पंचवीस वर्षं तो कपाटाएवढा स्टॅबिलायझर तुमच्या ऑफिसात उभा आहे, दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते, आणि त्याच्यावर चालतो एक टेबलफॅन. त्या फॅनला आजवर काही झालेलं नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.) मागं ईदच्या सुट्टीला कबनूरला आलो होतो तेव्हा आक्काच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला, त्याची चव अजून जिभेवर आहे. तुम्ही वाटीवर वाटी रिचवत म्हणाला होता ते खरं आहे, अख्ख्या इचलकरंजीत असा शीरखुर्मा कुणाच्या हातचा नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन आक्का स्पीकरवर टाकते, आणि तुम्ही फोनवर बोलत नाही, फोनवर ओरडता, त्यामुळं आपलं खासगी बोलणं तीन गल्ल्यांना पाठ होतं. म्हणून पत्र. जरा मोठं होईल. चष्मा घेऊन बसा आणि गुडघा लांब करा.

तर विषय असा की माझी वरची खोली गेली. कशी गेली ते सांगतो, कारण आक्काच्या कानावर ते उलटंसुलटं गेलं असणार. (अमरसिंहनं तिला फोन केला होता. माझा मुलगा असला तरी सांगतो, तो गोष्ट नीट सांगत नाही. शेवट आधी सांगून मोकळा होतो.) खोली तुम्ही बघितलेली आहे. आधी टायपिंगचा क्लास, मग कॉम्प्युटरचा क्लास, मग दुरुस्ती, असं करत करत मी तीस वर्षं पोट भरलं ते त्याच खोलीत. दुरुस्तीला आलेल्या मशीनमधला मेलेला मदरबोर्ड गिऱ्हाईक कधी परत मागत नाही, आणि टाकवत तर मला नाही. असे साठत साठत ब्याऐंशी झाले. मागं तुम्ही विचारलं होतं, मेलेला बैल कुणी गोठ्यात ठेवतं का? बैल नाही ठेवत दाजी. पण त्याची घुंगरमाळ ठेवता की नाही? माझं म्हणणं तेवढंच होतं.

आता आमची सून क्रांती. पोरगी सोन्यासारखी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते, कॉम्प्युटरवर, आणि बसते कुठं? स्वयंपाकघरात. कारण घरात मोकळी खोली नाही. म्हणजे ब्याऐंशी बंद कॉम्प्युटरांना स्वतंत्र खोली, आणि घरातला एकुलता एक चालू कॉम्प्युटर मिसळणाच्या डब्याशेजारी. तिची मीटिंग आणि आमच्या मंडळींचा कुकर यांची वेळ एकच. पलीकडच्या साहेबानं एकदा विचारलं, तुमचं घर रेल्वे स्टेशनजवळ आहे का? क्रांतीनं हो म्हणून टाकलं. पण कडी झाली ती गेल्या महिन्यात. मंडळींनी तांबड्या रश्श्याला फोडणी दिली आणि त्याच वेळी क्रांती तिच्या हाताखालच्या एका माणसाला बढती मिळाल्याचं जाहीर करत होती. मिरचीचा खाट उठला. पोरीच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आवाज बसलेला, आणि तोंडानं अभिनंदन. त्या माणसानं संध्याकाळी वेगळा फोन करून तिला धीर दिला आणि बढती नको असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी ती वर आली. दारात उभी राहिली. (आत उभं राहायला जागा नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.) म्हणाली, "आबा, ह्यातला एक तरी चालू हाय का?" मी म्हणालो, प्रश्नच चुकीचा आहे. चालू असणं वेगळं आणि वळख असणं वेगळं. ह्यातला एकेक बोर्ड मी नुसत्या अंगठ्यानं वळखतो, बघायचीसुद्धा गरज नाही. हे भंगार नव्हे, ही विद्या आहे. ती म्हणाली, "व्हय?" दाजी, कोल्हापुरातल्या पोरीचं हे 'व्हय' तुम्हाला माहीत आहे. त्याच्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. मी बसलो नाही.

मी तिला आमच्या वडलांची गोष्ट सांगितली. वडगावच्या बाजारात त्यांना बैलाच्या तोंडात नुसती बोटं घातली की वय कळायचं, हे तुम्हीही ऐकलेलं आहे. (तुमच्या लग्नात त्यांनी तुमच्याकडं बराच वेळ रोखून बघितलं होतं, तेही त्याच सवयीनं.) आणि सौदा कसा, तर टॉवेलाखाली. दोघांचे हात टॉवेलाखाली, बोटांना बोटं लावून भाव, बाहेर कुणाला पत्ता नाही. शब्द काढायचा नाही आणि एकदा बोट धरलं की मागं फिरायचं नाही. मी म्हणालो, मी त्याच बापाचा मुलगा. बोर्ड टॉवेलाखाली ठेव, माझा हात आत जाईल, आणि बाहेर नाव येईल. क्रांती म्हणाली, "मग ठरलं. बारा बोर्ड. बारा बरोबर आले तर खोली तुमची, मी परत कदी नाव काढनार न्हाय. एक जरी चुकला तर खोली माजी." आणि तिनं मला बोट धरायला लावलं. टॉवेलाखाली. आता बोला.

(इथं तुमच्यासाठी थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढची मजा जाईल. मदरबोर्ड म्हणजे घर धरा आणि प्रोसेसर म्हणजे त्या घरातला कर्ता पुरुष. तो ज्या बैठकीवर बसतो तिला म्हणायचं सॉकेट. आता हा कर्ता पुरुष दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा आणि नवा आला की जुन्या बैठकीवर बसायचा नाही. एकाला एवढी भोकं, दुसऱ्याला तेवढी, तिसऱ्याचा कोपरा वेगळा. मधली दोन-तीन वर्षं तर कंपन्यांनी बैठकच मोडली आणि प्रोसेसरला उभा केला, टेपच्या कॅसेटसारखा, लांब फटीत खोचायचा. त्या फटीला म्हणायचं स्लॉट. त्यातही दोन घराणी, स्लॉट वन आणि स्लॉट ए. फट तीच, फक्त एकीचं तोंड दुसरीच्या उलट दिशेला. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.)

रविवारी सकाळी अंगणात टेबल मांडलं. टेबलावर माझा पंचा, कारण टॉवेल वाळत होते. समोर क्रांती, हातात फोन, म्हणजे मी नाव सांगितलं की तिनं पंचा उचलून फोनवरच्या चित्राशी ताडून बघायचं. अमरसिंह चहाचा कप घेऊन भिंतीला टेकलेला. मंडळी तांदूळ निवडायला बसलेल्या, तांदूळ त्याच्या आदल्या दिवशीच निवडून झाले होते. शेजारच्या धोंडुबाई कुंपणावरनं. आणि बोर्ड निवडायला त्रयस्थ माणूस पाहिजे म्हणून शहजादला बोलावलेलं. हा शहजाद भंगाराचा व्यापार करतो, स्वतःचा टेम्पो आहे, आणि माझ्या टायपिंग क्लासचा जुना विद्यार्थी, म्हणून अजून मला सर म्हणतो. मी हरलो तर माल त्यानंच न्यायचा असं ठरलं होतं, म्हणजे तो कितपत त्रयस्थ ते तुम्हीच ठरवा. (हा तुमच्या शेजारच्या लालासाबचा सख्खा भाचा. तुम्ही लालासाबशी दोन हजार सालच्या दिवाळीपासून बोलत नाही हे मला माहीत आहे, पण भाच्यावर राग धरू नये. लालासाबचे माग एकदम सुरू झाले, व्होल्टेज उडालं आणि तुमचा नवा कॉम्प्युटर धूर काढून गेला, हे सगळं मला पाठ आहे. मी तिथंच होतो.)

पहिला बोर्ड आला. हात आत घातला. चौकोनी बैठक, बाजूला उचलायची छोटी दांडी, भोकांच्या रांगा आणि एक कोपरा तेवढा बुजलेला. अंगठा कडेवरनं फिरवला आणि म्हणालो, सॉकेट सात. क्रांतीनं पंचा उचलला, फोन बघितला, "बरोबर." दुसरा आला. दिसायला जुळा भाऊ, पण ह्याचे कोपरे दोन बुजलेले. तीनशे सत्तर. बरोबर. तिसऱ्याला दोन्ही कडांना पंखा अडकवायचे तीन-तीन दात. चारशे बासष्ट. बरोबर. अमरसिंहनं कप खाली ठेवला. चौथा चारशे तेवीस निघाला, तेव्हा मी जरा थांबलो. हे सॉकेट फार थोडे दिवस जगलं हो. आलं कधी, गेलं कधी, बाजाराला कळलंसुद्धा नाही. पिराजी कुणासाठी थांबला ते कुणाला समजलं नाही, धोंडुबाईंना वाटलं मी अडकलो, त्या तिथनंच ओरडल्या, "पावणं, सोडा की आता!" (तीस वर्षं शेजारी राहून मला पावणं म्हणतात.) मी नाव सांगितलं. बरोबर आलं.

सातवा मात्र दगाबाज होता. सातशे पंच्याहत्तर. ह्याचा सगळा कारभार उलटा, भोकं नाहीतच, बोर्डातनंच केसासारखे बारीक काटे वर आलेले. मी बेसावधपणे अंगठा दाबला आणि असा कळवळलो की नाव आणि किंकाळी एकदमच बाहेर पडली. काटे बरेच वाकले. पण वळख पटली ना? क्रांतीनं नियमाप्रमाणं बरोबर म्हटलं आणि मग आत जाऊन हळद आणली. नववा आला तेव्हा हात आत गेला आणि मी दचकलो. पत्रा, त्याला बारीक धारदार भोकं, कडेला वाकवलेली मूठ. मी म्हणालो, ही किसणी आहे. आणि ही आपली नव्हे, ही धोंडुबाईंची, मुठीला टवका उडालेला आहे, गेल्या दिवाळीपासनं त्या शोधतायत. (अमरसिंहनं गंमत म्हणून सरकवली होती.) धोंडुबाईंनी कुंपणावरनं मान लांब केली. मंडळी तांदूळ घेऊन आत गेल्या. किसणी बारांत धरायची की नाही यावर वाद झाला, शेवटी धरली नाही, पण माझी इज्जत वाढली ती वाढली. अकरा बोर्ड झाले, अकराच्या अकरा बरोबर. शहजादनं टाळी वाजवली. दाजी, मला सांगायला लाज नाही, त्या क्षणी मला आमचे वडील आठवले. तीस वर्षं जे केलं ते अगदीच वाया गेलेलं नाही असं वाटलं.

मग शहजाद वर गेला आणि ढिगाच्या अगदी तळातनं बारावा घेऊन आला. येताना त्याला चिकटवलेली चिठ्ठी वाचत आला. पंच्याखाली ठेवला. मी हात घातला. चौकोन नाही, दांडी नाही, लांब फट. म्हणजे स्लॉट, यात शंका नाही. पण वन की ए? मी अंगठा एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी शहजादच्या तोंडाकडं. शेवटी म्हणालो, स्लॉट वन.

क्रांतीनं पंचा उचलला. फोन बघितला, बोर्ड फिरवून बघितला, परत फोन बघितला. तिला खात्री करायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, ए हाय हो."

चुकलो. माणूस आहे, चुकतो. खोली गेली. बोट धरलेलं होतं, मागं फिरायचा प्रश्नच नव्हता. मंगळवारी तिथं चुना लागला, बुधवारी तिचं टेबल वर गेलं, आणि आज सकाळी तिनं मला वर बोलावलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बघतो तर तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्या अकरांतला पहिला बोर्ड, सॉकेट सात, खिळ्याला टांगलेला. मीटिंग चालू होती. तिनं मला पुढं ओढलं आणि त्या सगळ्या लोकांना सांगितलं, हे आमचे आबा, ह्यांना सॉकेट अंगठ्यानं कळतं. त्यांच्यात सॉकेट सात कुणी जन्मात बघितलेलं नव्हतं. पाऊण तास मला प्रश्न विचारत होते. मी अंगात बनियन आणि खांद्यावर तोच पंचा, तसाच उभं राहून उत्तरं दिली. मला फार बरं वाटलं, दाजी. खोटं कशाला सांगू?

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लावणे. आक्काला माझा नमस्कार सांगणे, म्हणजे तिनं हे पत्र तुमच्या आधी वाचलं नसेल तर.

तुमचा,
पिराजी

ता. क. बोर्डांचं एक राहिलंच. क्रांतीनं मोठ्या मनानं ते भंगारात जाऊ दिले नाहीत, पण "घरात पन नकोत" असं म्हणाली. तुमच्या ऑफिसात स्टॅबिलायझरच्या उजव्या अंगाला बरीच मोकळी जागा आहे हे मी ईदला बघून ठेवलं होतं. रविवारी सकाळी टेम्पो येईल. एक्क्याऐंशी नग आहेत. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

ता. क. दुसरा. अंगठ्याचं गुपित तुम्हाला सांगतो, क्रांतीला कळू देऊ नका. बहुतेक सॉकेटांच्या प्लॅस्टिकच्या कडेला त्याचं नाव उठावदार अक्षरांत ओतलेलं असतं. सॉकेट सातवर सॉकेट सात असंच लिहिलेलं असतं. मी अंगठ्यानं वाचतो. सातशे पंच्याहत्तर तेवढा प्रामाणिकपणे ओळखला, त्याची खूण अजून अंगठ्यावर आहे. वडलांचंही बैलांच्या बाबतीत असंच काहीतरी असावं असा मला आता संशय येतो.

ता. क. तिसरा. दाजी, आता जरा बसून वाचा. बसला असाल तर टेका.

बारावा बोर्ड मी ओळखला होता. हात घातल्याघातल्या ओळखला. स्लॉटच्या दोन्ही बाजूंना प्रोसेसर धरायचे उभे खांब असतात, ते त्याला नव्हते, आणि फटीचं एक टोक वितळून गुळगुळीत झालेलं होतं. असा बोर्ड अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. तो तुमचा. दोन हजार सालच्या दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, पिराजी, ह्याला जरा मोठा प्रोसेसर बसव. तो मी घेऊन आलो. तो होता स्लॉट वनचा आणि तुमचा बोर्ड होता स्लॉट एचा. सरळ बसेना. म्हणून मी तो उलटा फिरवला. मग खांब आड यायला लागले, म्हणून खांब काढले. मग बसला. मला वाटलं, बसला म्हणजे बसला. बटण दाबलं आणि धूर आला. त्याच क्षणाला भिंतीपलीकडं लालासाबचे माग धडाधडा सुरू झाले. तुम्ही चहाचे कप घेऊन दारात, आणि ओरडला, "व्होल्टेज!" ते मी म्हटलेलं नाही दाजी, तुम्ही म्हटलेलं आहे. मी फक्त व्हय म्हणालो.

त्या एका व्हयवर तुम्ही स्टॅबिलायझर घेतला, आजवर प्रत्येक लग्नात अर्थिंगवर भाषण दिलंत, पुन्हा कॉम्प्युटर घेतला नाहीत, आणि लालासाबशी बोलणं टाकलंत. तुम्ही दोघं एका स्कूटरवर सुताच्या बाजाराला जायचात ते मी बघितलेलं आहे. आता दोन स्कूटर निघतात, त्याच वेळेला, त्याच बाजाराला, दहा फुटांवरनं एकामागं एक. दर खेपेला ते बघितलं की मला वाटायचं आज सांगावं. मग आक्का जेवायला वाढायची आणि राहून जायचं. पंचवीस वर्षं राहून गेलं. मी चुकलो. प्रोसेसर उलटा बसवला ही चूक लहान होती. मला माफ करा.

घरी आणल्यावर बोर्डाला मीच चिठ्ठी चिकटवली होती: कबनूरचे दाजी, स्लॉट वन, व्होल्टेजनं जळाला. (आणलेला प्रोसेसर वनचा होता, म्हणून चूक झाकायला बोर्डही वनचाच लिहिला.) रविवारी खरं नाव सांगितलं असतं तर चिठ्ठी वाचलेल्या शहजादनं विचारलं असतं, मग चिठ्ठीवर वन कसं? म्हणून मी वन म्हणालो. खोली घालवली, पण खोटं सांभाळलं. एवढं करून उपयोग काही झाला नाही. टेम्पोपाशी शहजाद म्हणाला, "सर, चिठ्ठीवर पन चुकीचंच लिवलंय की. अक्षर तर तुमचं हाय." मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, "मामांना मी सांगनार. दाजींना तुमी सांगा."

ता. क. चौथा. माझी खरी विनंती ही आहे, वरची जागेची नव्हे. रविवारचा टेम्पो शहजादच आणणार आहे आणि बारावा बोर्ड त्यानं सगळ्यांत वर ठेवलाय, चिठ्ठी बाहेर करून. तो आधी मामाकडं थांबणार. हे पत्र मी कुरियरनं पाठवतोय, उद्या पोचेल. म्हणजे तुमच्या हातात शनिवारचा एक दिवस आहे. लालासाबला कुणी दुसऱ्यानं सांगायच्या आधी तुम्ही जा. भिंतीला वळसा घालायला तुमच्या गुडघ्यानंसुद्धा तीन मिनिटं लागतील. काय बोलायचं सुचलं नाही तर सरळ मला शिव्या घालायला सुरुवात करा, तो साथ देईल. मग एका स्कूटरवर बसून माझ्याकडं या आणि उरलेल्या इथं येऊन घाला, मी घरीच आहे. स्टॅबिलायझर मात्र काढू नका. त्याचा यात काही दोष नाही.

ता. क. शेवटचा. हे फक्त आक्कासाठी, दाजींनी इथं वाचायचं थांबावं. आक्का, शहजादनं मला डब्याचंही सांगितलं. तू पंचवीस वर्षं दर होळीला पुरणपोळ्यांचा डबा मागच्या भिंतीवरनं लालासाबच्या रोशनबी भाभींना देतेस, आणि त्या दर ईदला तोच डबा शीरखुर्म्यानं भरून परत देतात, हे मी दाजींना या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. भाभींना म्हणावं, यंदा खारीक जरा जास्त झाली होती.